कडबाकुट्टीपाशी जाण्याआधी

हुबळी-धारवाडमधल्या आपल्या बहुतेक घरांचं एक टोक अजून गावात आहे. कुणाचं खानापूर-बेळगावकडे, कुणाचं कोल्हापूर-सांगलीकडे, कुणाचं इथेच कलघटगी-अळणावरच्या बाजूला. आपण नोकरीसाठी शहरात आलो, तरी काका-मामांच्या गोठ्यात दोन-चार म्हशी असतातच. शाळू निघाला की कडब्याच्या बणव्या लागतात आणि गोठ्याशेजारी कडबाकुट्टीची घरघर सुरू होते. हे यंत्र घ्यायला पुष्कळदा शहरातला मुलगा किंवा भाचाच पैसे देतो. म्हणून आजचा विषय आपल्या पिढीसाठी.

कुट्टी ही खरोखर कामाची गोष्ट आहे. अख्खा कडबा टाकला तर जनावर पाला खातं आणि जाड धाटं पायाखाली तुडवतं. बारीक केला की वाया कमी जातो. धारवाडी पेढ्यामागे म्हैस आहे आणि म्हशीमागे वैरण. विळ्याने किंवा हाताच्या चाकावर तासभर चालणारं काम मोटर काही मिनिटांत करते. त्यामुळे यंत्र नको असं कुणी म्हणणार नाही. प्रश्न आहे ते कसं बसवलंय आणि कसं वापरलं जातं याचा.

रचना साधी आहे. समोरच्या ट्रेमध्ये पेंढी ठेवायची. पुढे दोन दातेरी रूळ असतात, ते वैरण आत ओढतात. त्यांच्या पलीकडे जड चाक फिरत असतं, त्यावर दोन किंवा तीन पाती. इजा पात्यामुळे होते, पण हाताला तिथपर्यंत नेतात ते रूळ. पेंढी पुढे सरकत नाही म्हणून माणूस ती ढकलतो, रूळ अचानक पकड घेतात आणि पेंढीबरोबर बोटंही आत जातात.

एक हिशेब करून बघा. चाक मिनिटाला २५० फेरे घेतं आणि त्यावर दोन पाती आहेत असं धरू. म्हणजे मिनिटाला ५०० काप. एक तुकडा दोन सेंटिमीटरचा धरला, तर रूळ मिनिटाला दहा मीटर वैरण ओढतात, म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ सेंटिमीटर. मोठ्या माणसाचा हात मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत साधारण तेवढाच असतो. काय झालं हे कळून, ओरडून, दुसऱ्या हाताने बटण शोधेपर्यंत तो एक सेकंद संपलेला असतो.

म्हणून ‘सांभाळून कर गं’ एवढं सांगून भागत नाही. सॉफ्टवेअरमध्येही वापरणारा कधीच चुकणार नाही असं गृहीत धरून कुणी काम करत नाही. चुकला तरी नुकसान होऊ नये अशी सोय आधी करतो. गोठ्यात तर पहाटे अर्धवट झोपेत, अंधुक दिव्यात, पोरांच्या शाळेची घाई असताना हे काम चालतं, आणि ते बहुतेक वेळा घरातल्या बाईच्या वाट्याला येतं.

दिल्लीच्या आयआयटीत प्रा. दिनेश मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर भारतातल्या खेड्यांत नेमका हाच प्रश्न अभ्यासला. तो अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी सुचवलेले बदल कुठल्याही गावातल्या लोहाराला जमण्यासारखे होते. रुळांच्या आधी एक मोकळा फिरणारा रूळ, म्हणजे हात फार पुढे गेला की त्याला लागून कळतं. पात्यांवर आवरण. आणि काम नसताना चाक फिरू नये म्हणून त्याला खिट्टी. ही खिट्टी मुलांसाठी फार महत्त्वाची आहे, कारण बंद यंत्राचं चाक हे मुलांना खेळणंच वाटतं. एकजण चाक फिरवतो आणि दुसऱ्याचं बोट पात्याजवळ असतं. सुट्टीत आपली शहरातली मुलं गावी जातात तेव्हा हे आधी आठवावं.

आपल्या देशात १९८३ साली धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा झाला, तो मुख्यतः मळणी यंत्रात हात गमावणाऱ्या मजुरांमुळे. पण कायदा गोठ्यात येऊन उभा राहत नाही. दुकानातून आलेलं पत्र्याचं आवरण ‘वैरण अडकते’ म्हणून आठवड्यात काढून कोपऱ्यात ठेवलं, की सगळं पहिल्यासारखं होतं.

विजेची बाजू याहून दुर्लक्षित आहे. यंत्र चालू असताना वीज जाते. अडकलेला कडबा काढावा म्हणून कुणी हात घालतो आणि तेवढ्यात वीज परत येते. साधं बटण ‘चालू’वरच राहिलेलं असतं, त्यामुळे मोटर आपोआप सुरू होते. यावर उपाय म्हणजे नो-व्होल्ट कॉइल असलेला स्टार्टर. वीज गेली की तो सुटतो आणि पुन्हा हिरवं बटण दाबल्याशिवाय मोटर चालू होत नाही. विहिरीच्या पंपाला लावतात तसा ऑटो स्विच कुट्टीला कधीही लावू नये. बंद करायचं बटण वैरण घालणाऱ्याच्या हाताशी हवं, भिंतीपलीकडे नको. गोठ्यात ओल असतेच, म्हणून अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी हवाच.

पाती काढणं, धार लावणं, तेल-ग्रीस देणं या वेळीही अपघात होतात. त्याचा क्रम ठरलेला असावा. आधी बटण बंद. मग प्लग काढून आपल्या नजरेसमोर ठेवायचा. चाक पूर्ण थांबेपर्यंत थांबायचं, कारण जड चाक वीज गेल्यावरही फिरत राहतं. त्यानंतर चाकात लाकडी ठोकळा अडकवायचा आणि मगच पान्याला हात लावायचा. काम झाल्यावर पात्यांचे बोल्ट घट्ट आहेत ना हे पाहून आवरण परत बसवायचं. यंत्राला उलटं फिरवायचा दांडा असेल, तर अडकलेली पेंढी त्यानेच बाहेर काढावी. पट्ट्यावरही जाळी हवी. पदर आणि ओढणी खोचलेली, केस बांधलेले, बाह्या घट्ट, हातात सैल बांगड्या किंवा कडं नको. वैरण घालताना हातमोजेही नकोत. रूळ बोटाआधी मोज्याला पकडतात.

एवढं करूनही इजा झालीच, तर जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरा, हात उंच ठेवा आणि १०८ ला फोन करा. हळद, कॉफी, चुना काही भरू नका. तुटलेलं बोट स्वच्छ पाण्याने हलकेच धुऊन ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवू नका, त्याने ते खराब होतं. असं जपून नेलं तर ते जोडता येण्याची शक्यता राहते. म्हणून जवळच्या दवाखान्यात मलमपट्टी करून थांबू नका, शस्त्रक्रियेची सोय असलेलं मोठं रुग्णालय गाठा.

पैशांचंही बोलू. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला २० रुपये आहे. १८ ते ७० वयाच्या बँक खातेदाराला ती घेता येते. अपघाती मृत्यूला २ लाख आणि एक हात किंवा पाय कायमचा निकामी झाला तर १ लाख मिळतात. गोठ्यात काम करणाऱ्या काकूच्या खात्यातून हा हप्ता जातो का, हे पुढच्या फोनवरच विचारा. मात्र दोन बोटं गेली तर त्यासाठी यात वेगळी रक्कम नाही, आणि दोन बोटं गेलेल्या हाताने धार काढणं किती अवघड होतं हे घरच्यांनाच माहीत असतं.

नवीन यंत्र घ्यायचं असेल तर धारवाडच्या कृषी विश्वविद्यापीठाच्या कृषी मेळ्यात वेगवेगळ्या बनावटी शेजारी शेजारी पाहायला मिळतात. किमतीआधी आवरण, उलट दांडा आणि स्टार्टर यांची चौकशी करा. जुनं यंत्र असेल तर पुढच्या खेपेला गावी जाताना एक स्टार्टर घेऊन जा आणि कोपऱ्यात पडलेलं आवरण शोधून काढा. काका म्हणतील, ‘इतकी वर्षं काही झालं नाही.’ त्यांच्याशी वाद घालू नका. गावातल्या वायरमनला बोलवा, चहा घ्या आणि तो काम करेपर्यंत तिथेच थांबा.