शॉर्ट फिल्म नुसता छंद नाही!

कॉलेजात ग्रुपने शॉर्ट फिल्म केलीय ना? मग तुम्ही धंद्याचं काम केलंय. वर्गणी काढणं, लोकेशनची परवानगी, ऐनवेळी हिरो गायब, उजेड जायच्या आत शूट उरकणं. डायरेक्टर सगळ्यांनाच व्हायचं असतं. वडापावचा हिशोब ठेवणारा एकच. पार्टनर करायचा तर तोच करा!

आपल्या त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके बघा. १९१२ मध्ये वाटाण्याचं रोप वाढतानाची छोटी फिल्म दाखवून त्यांनी भांडवल उभं केलं, १९१३ ला ‘राजा हरिश्चंद्र’ आणला. सरस्वतीबाई युनिटचा स्वयंपाकही करायच्या आणि फिल्मला भोकंही पाडायच्या.

अंबडमध्ये गाळा घ्यायला कर्ज मागायला जाल, तेव्हा फिल्म मोबाईलमध्ये ठेवा. किती दिवसांत, किती खर्चात केली, ते मॅनेजरला बिनधास्त सांगा.