बीप... बीप... काँप्युटर का रुसला?

मित्रांनो, घरातली एखादी वस्तू बिघडली की पहिला प्रश्न कोणता येतो? "काय झालं?" छे! पहिला प्रश्न असतो, "कोणी केलं?" आणि मग सगळ्यांच्या नजरा घरातल्या सर्वांत लहान माणसाकडे वळतात. हो की नाही?

गेल्या दिवाळीच्या आधी असंच झालं. चौथीला माझ्या वर्गात असलेला आणि आता सातवीत गेलेला एक मुलगा संध्याकाळी आमच्या दारात उभा. डोळे लाल. म्हणाला, "बाई, मी काँप्युटर नाही हो बिघडवला. पण घरात कोणी ऐकतच नाही."

बारावीतल्या ताईचा चाळीस पानी प्रकल्प त्या काँप्युटरमध्ये होता आणि सोमवारी द्यायचा होता. आदल्या रात्री शेवटचा हात लागला तो या पठ्ठ्याचा. तोही गेम खेळताना! मग काय, गुन्हा शाबीत. ताईनं तर बोलणंच टाकलं होतं. दुरुस्तीवाला म्हणाला होता, "दिवाळीनंतर आणा."

शाळेतला काँप्युटर दर पावसाळ्यात रुसतो, त्यामुळे मला या दुखण्याची थोडी ओळख आहे. गेले त्याच्याबरोबर. बटण दाबलं तर पंखा फिरतोय, दिवा लागतोय, पण पडदा काळाकुट्ट! आणि आतून आवाज... बीप, बीप, बीप.

मी त्याला एक कागद आणायला सांगितलं. "आधी काय काय झालं ते ओळीनं लिही." त्यानं लिहिलं : रात्री गेम खेळलो, काँप्युटर नीट बंद केला. सकाळी साफसफाईसाठी कॅबिनेट गॅलरीत नेऊन झटकलं. दुपारी ताईनं बटण दाबलं, तर बीप.

"कॅबिनेट कोणी नेलं गॅलरीत?" मी विचारलं. त्याचे बाबा छताकडे बघू लागले!

आता हा बीप म्हणजे काय ते सांगते. बटण दाबलं की काँप्युटर लगेच कामाला लागत नाही. आधी स्वतःची तपासणी करतो. शाळेत प्रार्थनेनंतर हजेरी घेतो ना, तशी. प्रोसेसर हजर? मेमरी हजर? मेमरीनं 'हजर' म्हटलं नाही तर पुढचं कामच चालत नाही. पडद्यावर चित्रही येत नाही. मग तक्रार सांगणार कशी? शिट्टी वाजवून! किती आणि केवढ्या शिट्ट्या म्हणजे कोणता दोष, हे कंपनीनुसार बदलतं, ते मदरबोर्डच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. अलीकडच्या बऱ्याच मदरबोर्डवर शिट्टीऐवजी छोटा दिवा लागतो.

ही मेमरी म्हणजे रॅम. काँप्युटरचा फळाच म्हणा ना. फळ्यावर आपण गणित सोडवतो आणि तास संपला की पुसतो. वहीत लिहिलेलं मात्र राहतं. काँप्युटरची वही म्हणजे हार्ड डिस्क. रॅमच्या एका ४ जीबीच्या पट्टीत ३,४०० कोटींहून जास्त अतिसूक्ष्म कप्पे असतात. प्रत्येक कप्प्यात विजेचा इवलासा साठा. साठा आहे म्हणजे १, नाही म्हणजे ०. पण गंमत अशी, की हे कप्पे गळक्या बादलीसारखे असतात! म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाला पंधरा-सोळा वेळा, ते पुन्हा भरावे लागतात. असा एका ट्रान्झिस्टरचा कप्पा आयबीएम कंपनीतल्या रॉबर्ट डेनार्ड यांनी शोधून काढला. त्याचं पेटंट त्यांना १९६८ साली मिळालं.

वीज गेली की भरणं बंद आणि फळा कोरा! म्हणजे रात्रीच्या गेमचं सकाळी रॅममध्ये काहीच उरलेलं नव्हतं. आणि ताईचा प्रकल्प होता वहीत, म्हणजे हार्ड डिस्कवर. रॅम रुसली म्हणून तो पुसला जात नाही. हे सांगितल्यावर ताईनं पहिल्यांदा भावाकडे पाहिलं.

मग आम्ही कामाला लागलो. बाबांना मुद्दाम सोबत घेतलं. तुम्हीसुद्धा मोठ्या माणसाशिवाय कॅबिनेट उघडायचं नाही, बरं का!

पहिलं काम, प्लग काढायचा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण प्लग असेपर्यंत मदरबोर्डवर थोडी वीज राहते. प्लग काढून सुरू करायचं बटण काही सेकंद दाबून धरलं, की उरलीसुरली वीजही जाते. मग कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावायचा. आपल्या अंगावर स्थिर वीज साठलेली असते, केसांवर घासलेला कंगवा कागद उचलतो ना, तीच. ती रॅमला मारक ठरू शकते. आणि जिथून वीजपुरवठा होतो तो लोखंडी डबा कधीच उघडायचा नाही. प्लग काढला तरी त्यात धोकादायक वीज असू शकते.

आत दोन पट्ट्या होत्या. खाचेच्या टोकाच्या क्लिपा बाहेर ढकलल्या, की पट्टी वर येते. ती कडेनं धरायची, सोनेरी दातांना बोट लावायचं नाही. दोन्ही काढून पुन्हा बसवल्या. प्लग लावला. बीप! बाबांचा चेहरा पडला.

"दादा, आता एकेक करून बघू," मी म्हटलं. पहिली पट्टी एकटीच बसवली. बीप. प्लग काढून त्याच खाचेत दुसरी बसवली. आणि पडद्यावर अक्षरं! आता सांगा, यावरून काय कळलं? खाच ठीक, मदरबोर्ड ठीक, दुसरी पट्टी ठीक. संशय उरला पहिलीवर. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे उत्तर आपोआप सापडतं. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गोंधळच.

पहिली पट्टी उजेडात धरली, तर दातांवर मळकट थर. पावसाळ्यातला दमटपणा आणि धूळ! मऊ पांढऱ्या खोडरबरानं दात हलके पुसले. हलकेच हं, कारण सोन्याचा मुलामा फार पातळ असतो. शाईचा खरखरीत रबर चालणार नाही. खोडरबराचा चुरा खाचेत न पाडता ब्रशनं झटकला. पट्टीच्या मधली खाच जुळवली (ती मुद्दाम थोडी बाजूला असते, म्हणजे पट्टी उलटी बसत नाही) आणि दोन्ही टोकांवर सारखा दाब दिला. कट्ट! क्लिप बसली.

दोन्ही पट्ट्यांसह काँप्युटर सुरू झाला. बहुधा त्या पट्टीचा संपर्क आधीच कमजोर झाला होता आणि हलवाहलवीत तो पुरता सुटला. ताईनं आधी प्रकल्प पेन ड्राइव्हवर घेतला, मग भावाला हळूच म्हणाली, "सॉरी रे."

बाबा थोडा वेळ गप्प होते. मग स्क्रू ड्रायव्हर त्याच्या हातात देत म्हणाले, "झाकण तूच लाव. मी उगाच ओरडलो तुझ्यावर." आणि आमच्या त्या वीरानं जे स्क्रू पिळले, ते बहुतेक पुढच्या दिवाळीपर्यंत निघायचे नाहीत!

रबरानं साफ करूनही बीप थांबला नसता, तर पट्टी बदलावी लागली असती. तीसुद्धा त्याच जातीची हवी. डीडीआर-३ च्या खाचेत डीडीआर-४ बसतच नाही, जोर करू नका.

आता तुमच्यासाठी एक प्रश्न. निबंध टाइप करताना अचानक वीज गेली, तर सेव्ह न केलेली पानं का जातात? उत्तर वरच लपलेलं आहे. शोधा बघू!

आणि हो, घरात काही बिघडलं तर 'कोणी केलं?' विचारण्याआधी एक कागद घ्या आणि काय काय झालं ते ओळीनं लिहा. भेटू पुढच्या अंकात!