नळी गोठली, राज्य अंधारात

फेब्रुवारी २०२१ मधील हिमवादळात अमेरिकेच्या टेक्सास राज्याची वीजयंत्रणा कोलमडली. ४५ लाखांहून अधिक घरे व आस्थापनांचा वीजपुरवठा खंडित झाला. राज्याच्या अधिकृत मोजणीनुसार २४६ जणांचा बळी गेला. इंधनवायूची टंचाई हे त्यामागचे एक मोठे कारण होते. मात्र सर्वाधिक संच बंद पडले ते त्यांचे भाग गोठल्यामुळे. साउथ टेक्सास अणुवीज केंद्राची अणुभट्टी सुस्थितीत होती. पाण्याचा दाब मोजणारी एक बारीक नळी गोठली आणि संपूर्ण संच बंद पडला.

अतिथंड प्रदेशांत हा प्रश्न नवा नाही. तेथील अभियंत्यांची खरी डोकेदुखी असते ती कूलिंग टॉवरची. कोराडीला दिसतात तशा या अजस्र मनोऱ्यांत कोमट पाणी जाळीदार थरांवरून खाली झिरपते, खालून शिरलेली हवा त्याची उष्णता वर नेते. कडाक्याच्या थंडीत हेच काम गरजेपेक्षा चांगले होऊ लागते. जेथून हवा आत येते तेथे, मनोऱ्याच्या बाहेरच्या कडेला, प्रथम बर्फ धरतो. त्याचे वजन वाढले की जाळीदार थर तुटून खाली येतात. धोका केंद्र पूर्ण क्षमतेने चालताना नव्हे, तर भार उतरल्यावर किंवा संच सुरू होताना अधिक असतो. कारण तेव्हा पाण्यात उष्णताच कमी असते.

उपाय साधे आहेत. काही कप्पे बंद ठेवून उरलेल्यांत अधिक पाणी सोडायचे, कडेच्या भागाला गरम पाण्याचा जास्त वाटा द्यायचा, संच सुरू करताना पाणी वर न चढवता थेट खालच्या टाकीत वळवायचे. पंखे असतील तर त्यांची गती उतरवायची किंवा ते थोडा वेळ उलटे फिरवायचे. थोडाफार बर्फ चालतो, फक्त तो वाढू द्यायचा नाही.

मग टेक्सासमध्ये काय चुकले? तेथील अनेक केंद्रांत उन्हाळ्याचा विचार करून बाष्पक व टर्बाइन उघड्यावर उभारलेले आहेत. थंडीपासून बचाव करण्याच्या शिफारशी १९८९ नंतर झाल्या, २०११ च्या गारठ्यानंतर पुन्हा झाल्या. सक्ती मात्र झाली नाही. विकलेल्या विजेवरच कमाई असलेल्या कंपनीने वर्षातल्या दोन-तीन दिवसांसाठी खर्च का करावा, हा हिशेब त्यामागे होता. संघीय चौकशीत आढळले की, गोठल्यामुळे घडलेल्या बिघाडांपैकी ८१ टक्के त्या संचांनी स्वतः सांगितलेल्या किमान तापमानापेक्षा अधिक तापमानात घडले होते!

राज्याने २०२१ मध्येच कायदा करून तयारी व तपासणी सक्तीची केली. देशाच्या अन्य भागांवर डिसेंबर २०२२ मध्ये अशीच वेळ आली. त्या वेळी टेनेसी व्हॅली प्राधिकरणाला इतिहासात प्रथमच भारनियमन करावे लागले. ऑक्टोबर २०२४ पासून देशभर अधिक कडक नियम लागू झाला असून, प्रत्येक केंद्राने कोणत्या तापमानापर्यंत तग धरायचा हे तो ठरवतो. त्यासाठी आधार धरल्या आहेत २००० सालापासूनच्या तापमानाच्या नोंदी. १९८९ ची थंडी त्या हिशेबात नाही.