उपाधीचा मान आणि मानाची उपाधी

नावाआधी ‘डॉक्टर’ लावण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न सप्टेंबर २०२५ मध्ये पुन्हा ऐरणीवर आला. फिजिओथेरपिस्टांनी हे बिरुद लावू नये, असे पत्र केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने काढले आणि दुसऱ्याच दिवशी मागे घेतले. वाद व्यावसायिकांचा असला, तरी त्यामागचा प्रश्न समाजाचा आहे. आपल्याला उपाधीनेच संबोधावे, अशी अपेक्षा शिकलेल्या माणसाने धरावी काय?

राज्यघटनेच्या अठराव्या अनुच्छेदाने किताब रद्द केले. मात्र सैनिकी आणि विद्याविषयक बहुमान त्यातून वगळले. रावबहादुरी गेली, कष्टाने मिळविलेली विद्या राहिली. भारतरत्न वा पद्म सन्मान नावाला जोडता येणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केले. हा विवेक मोलाचा आहे. परळच्या चाळीत राहणाऱ्या बाबासाहेब आंबेडकरांना सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक असतानाही पाण्याच्या भांड्यावरून सहकाऱ्यांची हरकत सोसावी लागली. जन्मावरून मान नाकारणाऱ्या समाजात विद्येची उपाधी हा मिरविण्याचा दागिना नसतो. तो हक्काचा दाखला असतो.

रुग्णालयात तर उपाधी ही माहितीच असते. समोरची व्यक्ती शल्यचिकित्सक आहे की फिजिओथेरपिस्ट, हे रुग्णाला कळलेच पाहिजे. तरुण महिला डॉक्टरला सर्रास ‘सिस्टर’ म्हटले जाते. तिने ती चूक दुरुस्त केली तर तो अहंकार नव्हे. त्यात परिचारिकेचाही अवमान नाही. मात्र रुग्णालयाबाहेर, लग्नमंडपात वा सोसायटीच्या सभेत तोच आग्रह धरणे हास्यास्पद ठरते.

तेथे मान मागून मिळत नाही. लोअर परळच्या गिरणगावाने तो स्वखुशीने दिल्याचे उदाहरण ताजे आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाचे नेते दत्ता सामंत कामगारांचे ‘डॉक्टर’ होते. त्या संपाविषयी मतभेद आहेत आणि राहतील. त्यात हजारो संसार उद्ध्वस्त झाले. पण ते संबोधन पदवीच्या कागदातून आले नव्हते. घाटकोपरच्या खाणमजुरांवर उपचार करणाऱ्या माणसाला श्रमिकांनी दिलेला तो मान होता.

आज त्या गिरण्यांच्या जागी काचेचे मनोरे आहेत. तेथे वरिष्ठाला नुसत्या नावाने हाक मारणे पुरोगामीपणाचे लक्षण मानले जाते. परंतु त्याच मनोऱ्याच्या दारावर वडिलांच्या वयाचा रखवालदार पंचविशीतल्या तरुणाला ‘सर’ म्हणतो आणि उत्तरादाखल ‘ए’ ऐकतो. वरच्या मजल्यावरची समता तळमजल्यावर पोहोचत नसेल, तर ती समता नव्हे, केवळ फॅशन होय.

म्हणून उपाधीची अपेक्षा धरणाऱ्याने आधी स्वतःची जीभ तपासावी. रखवालदाराला, सफाई कामगाराला, घरकाम करणाऱ्या मावशींना ‘अहो’ म्हणण्याचा संस्कार घराघरांत रुजला पाहिजे. जो इतरांना मान देतो, त्याला स्वतःच्या मानाची आठवण करून द्यावी लागत नाही.