पट्टी कुणाच्या दंडावर?

एनसीसीत मुलींचा विभाग १९४९ साली सुरू झाला. २०२२ पासून तर एनडीएतही मुली आहेत. तरी रत्नागिरीच्या आसपासच्या खेड्यांतल्या मुलींशी बोलताना मला दिसतं, की लान्स कॉर्पोरलची पहिली पट्टीसुद्धा त्यांच्यापासून दूरच.

बढती म्हणे गुणांवर! कसले गुण? हजेरी, कवायत, शिबिर. 'बी' प्रमाणपत्राच्या परीक्षेलाच ७५ टक्के हजेरी आणि एक शिबिर लागतं. पहाटेच्या परेडला एसटी नाही, दहा दिवसांच्या शिबिराला घरून परवानगी नाही. हा काय मुलीचा आळस? भावाला कुणी अडवत नाही. 'मुलींचा आवाज पोचत नाही' हेही ऐकलं. आज्ञा द्यायला उभं केलंत कधी?

मैत्रिणींनो, पुढच्या बढतीआधी कॉलेजात जा. निकष लेखी मागा, आणि परेडची वेळ एसटीशी जुळवून घ्यायला लावा.