खापरांचे मोल

सोने सापडले की त्याची बातमी होते. खापरे मात्र मातीच्या ढिगात जातात. म्हणूनच लंडनच्या शोरडिच भागातील खापरांची हकीकत सांगण्याजोगी आहे.

तेथील एका बांधकामस्थळी पुरातत्त्वज्ञांना नवाश्मयुगाच्या आरंभकाळातील ४३६ खापरे मिळाली. वजन साडेसहा किलो, भांडी किमान २४. केवळ घडणीवरून त्यांचा नेमका काळ ठरेना. तेव्हा ब्रिस्टल विद्यापीठातील संशोधकांनी खापरांत मुरलेली स्निग्धाम्ले वेगळी काढून त्यांचेच कार्बन कालमापन केले. २०२० मध्ये उत्तर प्रसिद्ध झाले: इ.स.पू. ३६०० च्या आसपास. आजच्या गजबजलेल्या रस्त्यालगत तेव्हा गुरे, शेळ्यामेंढ्या पाळणाऱ्या, दुधदुभते खाणाऱ्या शेतकऱ्यांचा वावर होता.

इंग्लंडच्या नियोजन-धोरणानुसार १९९० पासून अशा उत्खननाचा खर्च सामान्यतः बांधकाम करणारा उचलतो. माझ्या मते हे न्याय्यच आहे. पाया खणताना जमिनीतील पुरावा कायमचा नष्ट होतो. ज्याला त्यातून लाभ होणार, त्यानेच आधी त्याची नोंद करवून घ्यावी. इमारत वा रस्ता काही महिने उशिरा झाला तरी चालते. यंत्राने उपसलेले खापर पुन्हा आपल्या थरात परतत नाही.