लॅपटॉपही चाचपून घ्या

२०१७ साली जीएसटी आला आणि भिवंडी-मालेगावच्या लहान पेढीलाही संगणकाची गरज पडू लागली. पण कापडाचा पोत बोटांनी चाचपणारे आपले व्यापारी बांधव लॅपटॉप मात्र चकाकी पाहून घेतात! हिशेबासाठी ४ जीबी रॅमच्या नव्या स्वस्त मालापेक्षा मोठ्या कंपन्यांनी वापरून काढलेला थिंकपॅड किंवा लॅटिट्यूड बरा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचा सांगाडा दणकट असतो, दुरुस्तीही सोपी. मात्र प्रोसेसर इंटेलचा असेल तर आठव्या पिढीचा किंवा पुढचाच मागा. विंडोज १० चा नियमित आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, आणि विंडोज ११ ला त्याहून जुना प्रोसेसर सहसा चालत नाही. ८ जीबी रॅम व एसएसडी हवीच. पक्क्या बिलावर लेखी वॉरंटी घ्या, आणि दुकानातच तासभर चार्जर काढून चालवून पाहा. आपल्याकडे वीज कधी जाईल, सांगता येत नाही.